वजनाचं इंजेक्शन: परवडेल, खरं असेल आणि मध्येच सुटणार नाही, असं कसं मिळवायचं

वजन आणि साखर उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडचं मूळ पेटंट भारतात 20 मार्च 2026 ला संपलं. ओझेम्पिक, वेगोवी आणि रायबेल्सस या तिन्ही नावांमागे हेच औषध आहे. पेटंट गेल्यामुळे देशी कंपन्यांना ते बनवून विकायला रस्ता मोकळा झाला. टिर्झेपॅटाइड, म्हणजे माउंजारो, हे वेगळं औषध. त्याचं पेटंट इथे 2036 पर्यंत आहे. म्हणून दुकानात गेल्यावर ‘वजनाचं इंजेक्शन कितीला’ असं विचारून भागत नाही. कोणतं औषध, कोणत्या मात्रेचं, किती आठवड्यांचं, हे तिन्ही विचारावं लागतं.

भाव उतरला म्हणजे औषध गरजूपर्यंत पोचलं असं होत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो पाच किलो कमी करण्यासाठी घेतो, आणि ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड धोक्यात आहे तो तीन महिने घेऊन सोडतो. पुढचं सगळं या दुसऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी गरज मोजा

वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीच्या वर्गाने भागा. 72 किलो आणि 1.58 मीटर असेल तर 72 भागिले 2.496, म्हणजे 28.8. हा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन. या औषधांच्या माहितीपत्रकात सहसा 30 किंवा त्याहून जास्त, अथवा 27 आणि सोबत बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल असा एखादा आजार, अशी अट असते.

आपल्याकडे मात्र बीएमआय 25 पासूनच लठ्ठपणा धरतात, आणि त्यामागे ठोस कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात पोटाच्या आत चरबी साठते. युरोपीय शरीरांवरून ठरवलेली रेषा इथे जशीच्या तशी लावली, तर आजारी माणूस रेषेच्या अलीकडेच राहतो. विषमतेची सुरुवात कधीकधी अशी मोजपट्टीपासूनच होते.

त्यामुळे कंबरही मोजा. उभं राहा, श्वास सहज सोडा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप जमिनीला समांतर धरा. पोट आत ओढू नका. पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि बायकांत 80 च्या पुढे आकडा गेला, तर तो लिहून डॉक्टरांना दाखवा. आयसीएमआरच्या 2023 साली आलेल्या देशव्यापी पाहणीत पोटाचा लठ्ठपणा असलेल्यांची संख्या सुमारे 35 कोटी निघाली. एवढ्या सगळ्यांना इंजेक्शन द्यायचं नाही आणि देता येणारही नाही.

मग आधी कोणाला? जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2025 मध्ये या गटातली औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, ती एका ठरावीक गटासाठी: टाइप 2 मधुमेह आहे, त्यासोबत हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा जुनाट आजार आहे, आणि लठ्ठपणाही आहे. घरात दोघांनी घ्यायचं ठरलं आणि पैसे एकापुरतेच असले, तर हाच क्रम लावा. लग्नाआधी बारीक दिसायचं असलेल्या धाकट्या बहिणीपेक्षा, अँजिओप्लास्टी झालेल्या मधुमेही वडिलांचा नंबर आधी.

डॉक्टरांकडे जाताना

सध्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. नावं तोंडी सांगू नका, चुकतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल, तर नवीन इंजेक्शनसोबत साखर एकदम खाली येऊ शकते. त्या औषधांची मात्रा कमी करायची का, हे पहिल्याच भेटीत विचारा. मेटफॉर्मिन एकटं चालू असेल तर हा धोका फारसा नसतो.

हे विचारलं गेलं नाही तर स्वतःहून सांगा: घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला होता का, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे का, पित्ताशयात खडे आहेत का, मधुमेहामुळे डोळ्यांचा पडदा खराब आहे का. साखर झपाट्याने उतरली की पडद्याचा आजार काही जणांत आधी वाढतो, म्हणून डोळे तपासून मगच सुरुवात करा. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपॅटाइड घेणाऱ्या बाईच्या गर्भनिरोधक गोळ्या नीट काम करतीलच असं नाही. सुरू केल्यावर चार आठवडे आणि मात्रा वाढवल्यावर दरवेळी पुढचे चार आठवडे कंडोमही वापरावा.

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. ‘सेमाग्लुटाइड 0.25 मिग्रॅ, आठवड्यातून एकदा, त्वचेखाली’ असं स्वच्छ लिहिलेलं असेल, तर तीन दुकानांत तीन कंपन्यांचे भाव विचारता येतात. नुसतं ब्रँडचं नाव असेल तर त्याच कंपनीच्या भावाला बांधून राहावं लागतं.

वर्षाचा हिशेब

बहुतेकांचं गणित इथे चुकतं. मात्रा हळूहळू चढवायची असते: 0.25 मिग्रॅ चार आठवडे, मग 0.5, मग 1, मग 1.7, प्रत्येकी चार आठवडे, आणि सतराव्या आठवड्यापासून 2.4. दुकानदार जो भाव सांगतो तो पहिल्या पायरीचा असतो.

वेगोवी जून 2025 मध्ये भारतात आलं तेव्हाचे महिन्याचे भाव घ्या. पहिल्या तीन मात्रांना 17,345 रुपये, 1.7 ला 24,280 आणि 2.4 ला 26,015. चार आठवड्यांचा एक महिना धरला तर वर्षात तेरा महिने होतात. पहिल्या भावाला तेराने गुणलं तर 2,25,485 येतात. खरा हिशेब असा: तीन महिने 17,345 प्रमाणे 52,035, एक महिना 24,280, आणि उरलेले नऊ महिने 26,015 प्रमाणे 2,34,135. बेरीज 3,10,450. पंच्याऐंशी हजारांचा फरक, आणि तो चौथ्या महिन्यापासून पुढे अंगावर येतो. नोव्हेंबर 2025 मध्ये कंपनीने भाव बरेच उतरवले, आता देशी पर्यायही आहेत. तुमच्या दुकानातले भाव वेगळे असतील, पण बेरीज याच पद्धतीने करा. त्यात सुया, रक्ततपासण्या आणि डॉक्टरांच्या भेटी वेगळ्या लिहा.

वर्षभर का धरायचं? सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं. मग औषध थांबवून वर्षभर पाहिलं, तर उतरलेल्यापैकी जवळपास दोन तृतीयांश वजन परत आलं. औषध भूक दाबतं. ते थांबलं की भूक परत येते, यात माणसाच्या इच्छाशक्तीचा दोष नाही. म्हणून कर्ज काढून चार महिने घेण्यापेक्षा, कमी मात्रेवर वर्षभर टिकता येईल का हे डॉक्टरांना विचारा. 1 मिग्रॅवरच वजन आणि साखर नीट उतरत असेल, तर 2.4 पर्यंत चढलंच पाहिजे असं नाही.

विम्याचं काय? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत. दर आठवड्याचं इंजेक्शन त्यात बसत नाही. खासगी पॉलिसीतही ओपीडीच्या औषधांचा खर्च वेगळा घेतलेला असेल तरच मिळतो. पण बीएमआय 40 च्या पुढे असेल, किंवा 35 च्या पुढे असून हृदयविकार, आटोक्यात नसलेला मधुमेह असा गंभीर आजार असेल, तर विमा नियामकाच्या नियमांत वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला जागा आहे. आयुष्यभर इंजेक्शन परवडणार नाही अशा माणसाने हा रस्ता डॉक्टरांसमोर जरूर काढावा. तो सुचवायचं बऱ्याचदा राहून जातं.

मेडिकलमध्ये

विकत घेताना हे चार प्रश्न काउंटरवरच विचारा.

1. ‘फ्रिजमधून काढून दाखवा.’ न उघडलेलं औषध 2 ते 8 अंशांत हवं. ते काउंटरवरच्या काचेच्या कपाटातून निघालं तर घेऊ नका.
2. ‘बिलावर बॅच नंबर टाका.’ खोक्यावरचा, पेनवरचा (पेन म्हणजे औषध आधीच भरलेली पेनासारखी सिरिंज) आणि बिलावरचा बॅच नंबर एकच हवा.
3. ‘एक्सपायरी किती?’ चार आठवड्यांचं पेन असेल तर शेवटची मात्रा त्या तारखेच्या आत बसली पाहिजे.
4. ‘एमआरपीवर किती सूट?’ सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. छापील किंमत ‘फार्मा सही दाम’ या सरकारी अ‍ॅपवरही तपासून पाहता येते.

इन्स्टाग्रामवर, जिममध्ये किंवा पार्लरमध्ये बिलाशिवाय मिळणारं पेन कितीही स्वस्त असलं तरी नको. 2023 मध्ये बनावट ओझेम्पिक ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलं, आणि जून 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभर इशारा दिला. ऑस्ट्रियात अशा पेनमुळे लोक साखर उतरून रुग्णालयात दाखल झाले. आत इन्सुलिन असल्याचा संशय होता. मधुमेह नसलेल्या माणसाला अनोळखी मात्रेत इन्सुलिन मिळणं हा जिवाशी खेळ आहे. शंका आली तर पेन फेकू नका. खोकं आणि बिल यांसकट जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार द्या.

घरी आणताना थर्माकोलचा डबा आणि जेल पॅक घ्या, पण पॅक आणि खोकं यांच्यामध्ये जाड कापडाची घडी ठेवा. थेट टेकलं तर औषध गोठतं. गोठून वितळलेलं औषध दिसायला अगदी पूर्वीसारखंच असतं, पण ते फेकून द्यावं लागतं. घरी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली नको, दारातही नको. मधल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवा. वापरायला काढलेलं पेन किती दिवस बाहेर चालतं ते माहितीपत्रकात असतं. अमेरिकेतल्या माहितीपत्रकात ओझेम्पिकला 56 दिवस आहेत, पण 30 अंशांच्या खाली. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या मे महिन्यात घरातलं तापमान तेवढं खाली नसतं, तिथे वापरातलं पेनही फ्रिजमध्येच ठेवायचं. विमानाने जाताना हातातल्या बॅगेत, मूळ खोक्यात, चिठ्ठीसह न्या.

सिरिंज: इथे सगळ्यात मोठी चूक होते

काही औषधं पेनमध्ये न येता काचेच्या कुपीत येतात. ती स्वस्त पडतात, पण सिरिंज आपण भरायची असते. भारतात इन्सुलिनच्या दोन सिरिंज मिळतात. लाल टोपणाची यू-40, तिच्यात 1 मिलीच्या 40 खुणा. केशरी टोपणाची यू-100, तिच्यात 1 मिलीच्या 100 खुणा. ‘अमुक युनिट भरा’ असं कोणी सांगितलं आणि हातात दुसरी सिरिंज असली की घात होतो.

उदाहरण घ्या. कुपीवर 1.34 मिग्रॅ प्रति मिली लिहिलं आहे, मात्रा 0.25 मिग्रॅ. 0.25 भागिले 1.34, म्हणजे 0.187 मिली. केशरी सिरिंजवर ही साधारण 19 वी खूण, लाल सिरिंजवर साडेसातवी. लाल सिरिंजमध्ये 19 पर्यंत भरलं तर पोटात 0.64 मिग्रॅ जातं, अडीच पट. पहिल्याच आठवड्यात एवढी मात्रा गेली की दिवसभर उलट्या, पाणी पोटात ठरत नाही, आणि मग सलाइन. अमेरिकेत कुपीतून औषध भरताना पाच ते वीस पट मात्रा घेतल्याच्या घटना तिथल्या औषध प्रशासनाने नोंदवल्या आहेत.

म्हणून चिठ्ठीवर मिग्रॅ, मिली आणि सिरिंजचा प्रकार, तिन्ही लिहून घ्या. पहिली सिरिंज नर्ससमोर भरा आणि त्या खुणेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कंपनी बदलली की कुपीतलं प्रमाण बदलू शकतं, मग गणित पुन्हा करा. ‘एकदाच वापरा’ असं लिहिलेल्या कुपीत उरलेलं औषध पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नका. पैसे वाचवण्यासाठी हे सर्रास केलं जातं आणि त्यातून जंतुसंसर्ग होतो. तसंच, नवरा-बायकोने सुई बदलून एकच पेन वापरणंही चूक आहे. रक्त पेनच्या आत मागे जाऊ शकतं.

पहिले चार महिने

आठवड्यातला एक वार ठरवा. बेंबीपासून चार बोटं सोडून पोटावर, किंवा मांडीच्या पुढच्या भागावर टोचा, दर वेळी जागा बदला. मळमळ, बद्धकोष्ठता, करपट ढेकर हे पहिले काही आठवडे होतं, कारण जठर हळू रिकामं होतं. ताट अर्धं करा, तळलेलं टाळा, पोट भरल्यासारखं वाटलं की तिथेच थांबा. ‘एवढी पोळी संपव’ हा आग्रह घरच्यांनी या काळात सोडावा. पोट दुखून पाठीपर्यंत कळ जात असेल, उलट्या थांबत नसतील किंवा लघवी कमी झाली असेल, तर पुढची मात्रा न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

जेवण घटलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. दर किलो वजनामागे दिवसाला किमान 1 ग्रॅम प्रथिनं हवीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्या. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या डाळीत 6-7 ग्रॅम. मोड आलेली मटकी, दही, पिठलं, मासे ताटात आधी वाढा, भात-भाकरी नंतर. आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं पुरतं, जिमची फी लागत नाही.

सेमाग्लुटाइडची मात्रा चुकली आणि पाच दिवसांच्या आत आठवलं, तर घ्या. त्यापुढे गेलं तर सोडा आणि पुढच्या वाराला घ्या. पैशांअभावी दोन-तीन आठवडे खंड पडला असेल, तर जुन्या मोठ्या मात्रेवर थेट परतू नका. डॉक्टरांना खरं कारण सांगा, कदाचित खालच्या पायरीपासून पुन्हा चढावं लागेल. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना हे औषध चालू असल्याचं सांगायलाच हवं. दुष्परिणामांची नोंद 1800-180-3024 या सरकारी क्रमांकावर करता येते. देशी कंपन्यांची औषधं नवी असताना ही नोंद फार मोलाची आहे.

सरकारी दवाखान्यात मिळावं म्हणून

2024 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासानुसार सेमाग्लुटाइडचं महिन्याचं इंजेक्शन नफ्यासकट 5 डॉलरच्या आत बनू शकतं, म्हणजे तेव्हाच्या भावाने सव्वाचारशे रुपयांहून कमी. त्याच काळात अमेरिकेत वेगोवीची छापील किंमत महिन्याला 1,349 डॉलर होती. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सरकारी दवाखान्यांतली मानवी इन्सुलिनची पेनं संपली, कारण ओझेम्पिक आणि वेगोवी बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कनेच उत्पादनक्षमता अपुरी असल्याचं सांगून तिथला पुरवठा थांबवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2030 पर्यंतही ही औषधं गरज असलेल्यांपैकी दहा टक्क्यांपर्यंतसुद्धा पोचणार नाहीत.

हे बदलू शकतं, याचा पुरावा मुंबईत आहे. 2001 मध्ये सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधं वर्षाला 350 डॉलरला देऊ केली. तोपर्यंत तो खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. 2012 मध्ये सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधाचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय ते बनवायची सरकारी परवानगी, नॅटको या देशी कंपनीला मिळाला आणि महिन्याचा खर्च 2 लाख 80 हजारांवरून 8,800 वर आला. टिर्झेपॅटाइडसाठी पेटंट कायद्याचं हेच कलम 84 आजही हाताशी आहे. आणि औषध किंमत नियंत्रण आदेशाच्या परिच्छेद 19 खाली सरकार जनहितासाठी कोणत्याही औषधाची किंमत बांधू शकतं. 2017 मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची किंमत अशीच बांधली होती.

गावातल्या मंडळाने, बचत गटाने किंवा मधुमेहींच्या गटाने माहिती अधिकारापासून सुरुवात करावी. अर्ज ‘जोडपत्र अ’ मध्ये, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, म्हणून लांबण लावू नका. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे मजकूर असा:

‘सेमाग्लुटाइड इंजेक्शनच्या सरकारी खरेदीबाबत पुढील माहितीच्या प्रती द्याव्यात. (1) हे औषध राज्याच्या अत्यावश्यक औषध यादीत आहे काय? त्या यादीची अद्ययावत प्रत. (2) 1 जानेवारी 2026 पासून आजपर्यंत या औषधासाठी कोणत्याही सरकारी रुग्णालयाने वा वैद्यकीय महाविद्यालयाने केलेल्या मागणीपत्रांच्या प्रती. (3) याच काळात दरपत्रक वा निविदा काढली असल्यास तिची प्रत व प्राप्त दर.’

‘का घेत नाही’ असं विचारू नका. माहिती अधिकारात कागद मागता येतो, मत मागता येत नाही, आणि तेवढ्यावरून अर्ज फेटाळला जातो. मागणीपत्रच नाही असं उत्तर आलं, तर पुढचं निवेदन जिल्हा शल्यचिकित्सक आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता यांना द्या, कारण मागणी तिथून वर जाते. निवेदनात ‘सर्वांना मोफत इंजेक्शन’ मागू नका. मधुमेह, त्यासोबत हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार, आणि लठ्ठपणा, एवढ्याच रुग्णांसाठी मागा, आणि तुमच्या तालुक्यातले असे रुग्ण किती, ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या नोंदीतून काढून जोडा. ठरावीक आकड्याची मागणी असेल तर अधिकाऱ्याला खर्चाचा अंदाज मांडता येतो.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत ‘जोडपत्र ब’ मध्ये 20 रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील करा. पोस्टाची पावती अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा. अपिलात पहिली मागितली जाते ती हीच पावती.